सोबत कुणाची?

एप्रिलच्या अखेरीस एका रात्री साडेअकरा वाजता धाकट्या बहिणीचा फोन आला. इतक्या रात्री फोन म्हणजे काहीतरी बरेवाईट, या धास्तीनेच मी तो उचलला. सुदैवाने अडचण आनंदातून आलेली होती. भाचीला अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता, पहिला हप्ता भरून झाला होता. आता वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता आणि त्यातल्या एका रकान्यापाशी घरातली तिन्ही माणसे अडून बसली होती. विद्यापीठाने विचारले होते की, तुला नुसती खोली हवी आहे, की एखाद्या निवासी अध्ययन समूहात राहायचे आहे? समूहात राहायचे असेल तर कोणत्या?

"मामा, पंधरा-सोळा प्रकार आहेत," भाची सांगत होती. "सायन्स घेतलेल्या मुलींचा वेगळा मजला आहे, इंटरनॅशनल हाऊस आहे, लेखनाची आवड असणाऱ्यांचं आहे, पर्यावरणवाल्यांचं आहे. आई म्हणते, जिथे इंडियन मुली जास्त असतील तिथे टाक. बाबा म्हणतात, ऑनर्सचं टाक, पुढे बायोडाटात दिसेल. तू सांग."

"तुझ्या रेक्टरकीचा काहीतरी उपयोग होऊ दे," बहिणीने मागून पुस्ती जोडली.

मी अकरा वर्षे एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, हे खरे. पण आमच्या काळी मुलांना पर्याय दिलेला नसे. खाट, टेबल, कपाट आणि जिन्याखालची पाण्याची टाकी, एवढ्यावर वसतिगृह संपत असे. कुणाबरोबर राहायचे हा शिक्षणाचा प्रश्न आहे, असे अर्जात छापून विचारणारे विद्यापीठ मी प्रथमच पाहत होतो. मी तिला आठवड्याची मुदत मागितली. त्या आठवड्यात जे वाचले आणि जे आठवत राहिले, ते इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका घरापुरता उरलेला नाही. 'ओपन डोअर्स' या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. त्यांतले बहुसंख्य एम.एस. वगैरे पदव्युत्तर अभ्यासासाठी गेलेले. ती मुले बाहेर चौघांत एक घर भाड्याने घेतात, आळीपाळीने वरण-भाताचा कुकर लावतात आणि दोन वर्षे निभावून नेतात. पण बारावीनंतर थेट पदवीसाठी गेलेली मुलेही त्या वर्षी ३६ हजारांच्या घरात होती. त्यांचे वय अठरा. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांनी आवारातच राहावे असा नियम असतो. म्हणजे हा रकाना टाळता येत नाही.

घर आणि वर्ग एकाच छपराखाली

निवासी अध्ययन समूह म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. वसतिगृहाचा एखादा मजला किंवा एखादी इमारत एका विषयाला किंवा आवडीला वाहिलेली असते. तिथे राहणारी पन्नास, शंभर किंवा दोनशे मुले एक-दोन विषयांच्या तासांना एकत्र बसतात. एखादा प्राध्यापक त्या समूहाचा पालक असतो. काही ठिकाणी तो तिथेच बिऱ्हाड करून राहतो, काही ठिकाणी आठवड्यातून एकदा मुलांबरोबर जेवायला येतो. मजल्यावर वरच्या वर्गातला एक विद्यार्थी 'रेसिडेंट असिस्टंट' म्हणून नेमलेला असतो. आपल्याकडचा रेक्टर आणि थोरला भाऊ यांच्या मधले काहीतरी, असे त्याचे काम. दिवसा ज्याच्याबरोबर रसायनशास्त्राच्या तासाला बसायचे, त्याच्याच बरोबर रात्री गणिते सोडवायची, अशी ही योजना.

कल्पना जुनी आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची कॉलेजे शतकानुशतके अशीच चालत आली. अमेरिकेत तिला वेगळे वळण दिले ते अलेक्झांडर माइकलजॉन या शिक्षणतज्ज्ञाने. ॲमहर्स्ट कॉलेजचे अध्यक्षपद सोडावे लागल्यावर त्यांनी १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात 'एक्स्पेरिमेंटल कॉलेज' सुरू केले. मुले आणि शिक्षक ॲडम्स हॉल या एकाच वसतिगृहात असत. पहिले वर्षभर अभ्यास कशाचा, तर फक्त प्राचीन अथेन्सचा. दुसरे वर्षभर आधुनिक अमेरिकेचा. मधल्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या गावाचा किंवा प्रदेशाचा अभ्यास करून आणायचा. हे कॉलेज पाच वर्षांत, १९३२ साली, बंद पडले. मंदी होती, विद्यार्थी घटत होते आणि दूरदूरच्या शहरांतून येणारी ही वादपटू मुले स्थानिकांच्या डोळ्यांत खुपत होती. पण बी पडले ते पडलेच. त्याच सुमारास एडवर्ड हार्कनेस या धनिकाच्या देणगीतून हार्वर्डमध्ये १९३० पासून 'हाऊस' आणि येलमध्ये १९३३ पासून 'निवासी कॉलेजे' उभी राहिली. पुढे १९६५ साली सांताक्रूझ येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नवे आवार सुरू झाले ते अशा छोट्या कॉलेजांच्या समूहाच्या स्वरूपातच, आणि १९६७ साली मिशिगन विद्यापीठाने आपल्या अवाढव्य पसाऱ्यात एक छोटे 'रेसिडेन्शियल कॉलेज' काढले.

तरीही हे सारे थोड्यांसाठीच होते. सामान्य सरकारी विद्यापीठांत ही पद्धत पसरली ती १९९० नंतर, आणि त्यामागचे कारण भावनिक मुळीच नव्हते. पहिल्या वर्षात मुले गळत होती. तीनशे-चारशेंच्या वर्गात मुलाचे नाव कुणाला माहीत नसे. खोलीत आले की तिथेही तेच. व्हिन्सेंट टिंटो या समाजशास्त्रज्ञाने १९८७ च्या आपल्या पुस्तकात मांडले होते की, मूल कॉलेज सोडते ते केवळ अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे, तर तिथल्या अभ्यासात आणि माणसांत ते कुठेच गुंतत नाही म्हणूनही सोडते. १९९८ साली बॉयर आयोगाने मोठ्या संशोधन-विद्यापीठांना याच मुद्द्यावर खडे बोल सुनावले. गळती म्हणजे बुडालेली फी, हा हिशेबही होताच. मग मजल्यामजल्यांवर पाट्या लागल्या. मिशिगनमध्ये १९९३ साली विज्ञान आणि अभियांत्रिकी घेतलेल्या मुलींसाठी निवासी कार्यक्रम सुरू झाला. ज्या वर्गात साठ मुलगे आणि सहा मुली असतात, तिथल्या मुलीला संध्याकाळी परतताना "हे गणित मलाच येत नाही असे नाही" एवढा दिलासा मिळाला तरी ती टिकते, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. २००८ साली जॉर्ज कुह यांनी पदवीच्या शिक्षणात खोल परिणाम करणाऱ्या गोष्टींची जी यादी केली, तीत अध्ययन समूहांना जागा मिळाली आणि ही पद्धत विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांत ठळक अक्षरांत छापली जाऊ लागली.

गुण घराचा की मुलाचा?

माहितीपुस्तिका वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. "आमच्या समूहातली मुले अधिक गुण मिळवतात" हे वाक्य खरे असले तरी त्यावरून फारसे सिद्ध होत नाही. जी मुले मुद्दाम निबंध लिहून अशा समूहासाठी अर्ज करतात, ती मुळातच हौशी आणि कामसू असतात. त्यांना गोठ्यात ठेवले तरी ती अभ्यास करतील. कोचिंग क्लासवाले गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो लावतात, त्यातलाच हा प्रकार.

सोबतीचा परिणाम खरोखर पाहायचा तर सोबत चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवी. तसा प्रयोग आपोआप घडलाही आहे. डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट यदृच्छेने मिळत असत. ब्रूस सेसरडोट या अर्थतज्ज्ञाने त्या नोंदी तपासून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रूममेटचा परिणाम मुलाच्या गुणांवर आणि तो कोणत्या मंडळींत सामील होतो यावर दिसला. मुख्य विषय कोणता निवडला, यावर मात्र दिसला नाही. म्हणजे संगतीने माणूस करिअर बदलत नाही, पण रोजचे वळण बदलतो. आपल्या आज्या हे कोष्टकांवाचून सांगत असत.

दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटला. तो करणाऱ्या गटात मायकल क्रेमर होते. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेच हे क्रेमर. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका मोठ्या सरकारी विद्यापीठातले गोरे विद्यार्थी पाहिले होते. ज्यांना पहिल्या वर्षी योगायोगाने कृष्णवर्णीय रूममेट मिळाला, त्यांचे मत पुढे मागासांना संधी देणाऱ्या धोरणांकडे इतरांपेक्षा अधिक झुकलेले आढळले. हे मन भाषणे ऐकून वळलेले नव्हते. एका खोलीत दोन खाटा होत्या, एकच खिडकी होती आणि वर्षभर ती कोणी उघडायची, कोणी लावायची, हे दोघांना मिळून ठरवावे लागले होते.

आता गंमत पाहा. ज्या देशात हे निष्कर्ष निघाले, तिथली मुले मोकळीक मिळाली की नेमके उलट वागतात. हार्वर्डमध्ये पहिले वर्ष संपल्यावर 'हाऊस' मिळते. पूर्वी त्यात विद्यार्थ्यांची पसंती चाले. परिणाम असा झाला की प्रत्येक हाऊसला एक एक छाप पडली. एक कलावंतांचे, एक खेळाडूंचे, एक श्रीमंत घरच्या मुलांचे. शेवटी १९९६ पासून हार्वर्डने पसंती बंद करून सोडत सुरू केली. मित्रांचा गट करून अर्ज करता येई. त्या गटाची कमाल मर्यादाही पुढे सोळावरून आठवर आणली. ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांपासून पहिल्या वर्षी रूममेट स्वतः निवडण्याची मुभा काढून घेतली. कारण असे की, मुले कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच समाजमाध्यमांवर एकमेकांना हुडकत होती आणि आपल्यासारख्याच घरातला, आपल्यासारख्याच शाळेतला जोडीदार ठरवून मोकळी होत होती.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९७२ पासून 'उजामा' हे आफ्रिकी-अमेरिकी जीवनाला वाहिलेले निवासी कॉलेज आहे. जिथे शंभरात चार-पाच जण आपल्यासारखे, तिथे दिवसभर दुसऱ्यांना स्वतःची ओळख पटवून देऊन थकलेल्या मुलाला संध्याकाळी काही समजावून सांगावे लागणार नाही अशी जागा हवी असते. या घरांवर अमेरिकेत जुना वाद आहे आणि अलीकडे तो राजकारणाच्या चुलीवर चढला. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. ट्रम्प प्रशासनाच्या शिक्षण खात्याने १४ फेब्रुवारी २०२५ च्या पत्राने हीच कसोटी वसतिगृहांसह आवारातल्या एकूण जीवनाला लावू, असे विद्यापीठांना बजावले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका संघीय न्यायाधीशांनी ते पत्र रद्द ठरवले. कोर्टाचे काहीही होवो, अठरा वर्षांच्या मुलीपुढचा प्रश्न कोर्ट सोडवत नाही. आपल्या माणसांत राहावे की परक्यांत?

कोल्हापूरची घरे, साताऱ्याची चूल

हा सगळा अमेरिकन वाद वाचताना मला सारखे कोल्हापूर आठवत होते. आपल्याकडे हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी येऊन गेला आहे आणि आपण त्याला दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

शाहू महाराजांना आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह हवे होते. ते चालले नाही. दार सर्वांना उघडे असले तरी आत प्रत्यक्ष जागा वरच्या जातीच्या मुलांनाच मिळत गेली. तेव्हा महाराजांनी व्यवहारी मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, नामदेव शिंपी अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातवार वसतिगृहे म्हणून आज कुणी नाक मुरडील. पण ती नसती तर खेड्यातल्या त्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली नसती. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले ते याच गरजेतून. ज्याला सर्वांच्या घरात घेतच नाहीत, त्याला आधी स्वतःचे घर लागते.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात एक उंच, दांडगा विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाला तो जाऊन आला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की, विटाळ झाला आहे, स्नान केल्यावाचून जेवणघरात पाऊल ठेवू नकोस. त्याने स्नान करायला नकार दिला आणि त्याला बोर्डिंगातून काढून टाकण्यात आले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत, एकाच चुलीवरचे एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. मुलांच्या तोंडात घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे.

त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचे नाव आहे, याचा अर्थ मला असा दिसतो. भाऊराव जातवार बोर्डिंगांचा द्वेष करून बाहेर पडले नव्हते. एक घर माणसाला आसरा देते, तेव्हा ते चांगले. तेच घर "त्या दुसऱ्या घरातून आलास, आता अंघोळ कर" असे म्हणू लागले की त्याचे काम संपले. वसतिगृहाची परीक्षा पाटीवर होत नाही, उंबरठ्यावर होते.

ही परीक्षा इतिहासजमा झालेली नाही. २०२३ साली मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये मेसमधली काही टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवण्यावरून वाद झाला आणि निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. कुणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बसायचे कुठे, हे ताटावरून ठरू लागले की कोल्हापूरचा तो स्नानाचा हुकूम फार लांबचा वाटत नाही.

माझी चूक

मी हे उपदेशाच्या सुरात लिहू शकत नाही, कारण मी स्वतः एकदा चुकलो आहे.

गोष्ट १९९० च्या दशकातली. जूनमध्ये ट्रंका आणि वळकट्या घेऊन वडीलमाणसे वसतिगृहाच्या कचेरीत येत. फॉर्म भरून झाला की टेबलाशी वाकून हळूच म्हणत, "सर, पोराला आपल्याकडच्याच पोरांत टाका." 'आपल्याकडचा' म्हणजे कधी गावचा, कधी तालुक्याचा आणि पुष्कळदा कशाचा, हे मला न सांगता कळत असे. मी ते ऐकत गेलो. भांडणे कमी होत, मुले रमत, प्राचार्य खूश होते. खोल्यांचा तक्ता कसा नीटनेटका दिसे.

एका वर्षी गडचिरोली जिल्ह्यातून एक मुलगा आला. घरी गोंडी बोलणारा, गणितात हुशार. सगळ्यांचे 'आपल्याकडचे' सापडले, याचे कुणी सापडले नाही. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या तीन खाटांच्या खोलीत तो एकटाच राहिला. मला ते खटकले नाही. उलट अभ्यासाला निवांतपणा मिळाला, असेच वाटले. दिवाळीला घरी गेला तो परत आला नाही. पुढच्या जूनमध्ये त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. मी कारण विचारले. त्यांनी तक्रार केली नाही. "लेकराचं मन लागलं नाही जी," एवढेच म्हणाले आणि ट्रंक खांद्यावर घेऊन गेले.

त्याला कुणी छळले नव्हते. रॅगिंग नव्हते, महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा झाला तो १९९९ साली, पण तो असता तरी त्याचा इथे उपयोग नव्हता. कुणीही काही केले नाही, म्हणूनच तो गेला. सर्वांना हवी ती सोबत वाटून झाल्यावर जो उरतो, त्याच्या खोलीचा तक्ता मी केला होता.

त्या वर्षापासून मी चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटू लागलो. पालक रागावले, दोघांनी मुलांची नावे काढून नेली. पहिल्या महिन्यात पंख्यावरून, दिव्यावरून, उदबत्तीवरून भांडणे झाली. ती मिटवण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या. पण त्या भांडणांमुळे मला निदान प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक मुलाचे नाव पाठ झाले.

रकाना कसा भरावा

आठवड्याने भाचीला फोन केला तेव्हा मी तिला कोणते घर ते सांगितले नाही. प्रत्येक घराला विचारायचे प्रश्न सांगितले. ज्यांची मुले अशा निवडीपाशी उभी असतील, त्यांनाही ते उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न कामाचा. इथे राहणारी मुले एकत्र करतात काय? एखादा विषय खरोखर एकत्र शिकतात का, त्याचे गुण पदवीत धरले जातात का, की नुसती दारावर पाटी आणि महिन्यातून एकदा पिझ्झा? त्याला जोडूनच माणसाचा प्रश्न. पालक म्हणून ज्या प्राध्यापकाचे नाव छापले आहे, तो मुलांना किती वेळा भेटतो? हे विद्यापीठाला पत्र पाठवून विचारता येते आणि उत्तर किती दिवसांनी, किती नेमके येते, यावरूनही बरेच कळते. पैशांचेही आधीच विचारावे. काही समूहांना वेगळी फी असते आणि ती डॉलरमध्ये असते. न जमल्यास सत्राच्या शेवटी बाहेर पडता येते का, हेही अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. अठराव्या वर्षी निवडलेला विषय बदलू शकतो. विषय बदलला म्हणून घर सोडावे लागेल, अशा ठिकाणी जपून पाऊल टाकावे.

शेवटचा प्रश्न उंबरठ्याचा. या घरातली मुले कामाने एकत्र आली आहेत की सारखेपणाने? एका कामाभोवती वेगवेगळ्या घरांतली मुले जमली असतील तर ते घर उत्तम. मुलींचा विज्ञानाचा मजला मला म्हणून आवडला. तिथे मुलीच असल्या तरी त्या नाना गावच्या, नाना वर्णांच्या असतात आणि सकाळी त्याच सर्वांच्या वर्गात जाऊन बसतात. जिथे फक्त आपल्यासारखे भेटणार, ते घर पहिल्या वर्षी तरी टाळावे. आपली माणसे त्या आवारात नाहीशी होत नाहीत. भारतीय विद्यार्थ्यांची मंडळे अशा विद्यापीठांत बहुधा असतातच, दिवाळी होते, जवळच्या शहरात महाराष्ट्र मंडळ असले तर गणपतीही होतो. शनिवार-रविवारी तिथे जरूर जावे. आठवड्याचे पाच दिवस मात्र दुसऱ्यांचे.

बहिणीची भीती मी हसण्यावारी नेली नाही. मुलगी सात समुद्रांपलीकडे एकटी राहणार, आजारी पडली तर कपाळावर हात कोण ठेवणार, ही काही खुळी भीती नव्हे. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ साली एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा इशारा दिला होता. त्यात तरुणांमधल्या एकटेपणाची चिंता ठळक होती. हे मूर्ती मूळ कर्नाटकातल्या घरातले. म्हणूनच मी नुसत्या खोलीपेक्षा समूह निवडण्याच्या बाजूचा आहे. ज्या मजल्यावर दोन दिवस तासाला न दिसलेल्या मुलीचे दार कुणीतरी ठोठावते, तो मजला हवा. दार ठोठावणारी मराठीच असली पाहिजे, एवढाच आग्रह सोडायचा.

भाचीने शेवटी निवड केली ती पाणी आणि पर्यावरण या विषयाच्या समूहाची. तिथे जीवशास्त्राच्या मुली आहेत, अर्थशास्त्राची मुले आहेत, पत्रकारिता शिकणारीही आहेत. पहिल्या सत्रात सगळ्यांना मिळून जवळच्या नदीचा अभ्यास करायचा आहे. ते ऐकून मला आपापल्या गावाचा अभ्यास करायला निघालेली माइकलजॉनची मुले आठवली. रूममेटच्या रकान्यात तिने 'विद्यापीठ ठरवील' यावर खूण केली. नाव जुलैत कळेल.

अर्ज गेल्यावर बहिणीचा पुन्हा फोन आला. या वेळी दुपारी.

"दादा, सगळं पटलं. पण कुठल्या घरातली मुलगी येईल रे? सांभाळून घेईल ना हिला?"

मी म्हटले, "अगं, कुठल्यातरी गावात तिचीही आई आत्ता हेच विचारत असेल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गोडा मसाला जरा जास्तच देते बरोबर. दोघींना होईल."